तळ्याकाठचा माणूस

आमच्या धर्मग्रामातील चर्चला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या वेळची गोष्ट आहे. महोत्सवाची मिस्सा, मिरवणूक, भोजन, सारे यथासांग पार पडल्यावर हिशेबाच्या वहीत बरीच मोठी रक्कम शिल्लक राहिल्याचे आढळून आले. ती आजाऱ्यांच्या सेवेसाठी खर्च करावी यावर पॅरिश कौन्सिलमध्ये दुमत नव्हते. प्रश्न होता तो कशी खर्च करावी याचा. पहिली सूचना अशी आली की, एका धर्मादाय रुग्णालयास डायलिसिसची दोन यंत्रे भेट द्यावीत. दुसरी सूचना एका वयस्क धर्मभगिनीची होती. सारा जन्म परिचारिका म्हणून घालवलेल्या या सिस्टर सभेत क्वचितच बोलत. त्या म्हणाल्या, "या पैशांत दोन नर्सबाई पाच वर्षे पोसता येतील. त्यांनी रेल्वेपलीकडच्या चाळींत आणि डोंगराकडच्या पाड्यांवर दर महिन्याला जावे, रक्तदाब पाहावा, साखर तपासावी, पोटुशी बायकांची विचारपूस करावी. एवढेच."

चर्चा पंधरा मिनिटांत आटोपली. यंत्र डोळ्यांना दिसते. त्याच्याशेजारी भिंतीवर संगमरवरी पाटी लावता येते. नर्सबाईच्या पायपिटीला पाटी कुठे लावणार? मत यंत्रांच्या बाजूने पडले आणि हे सांगावयास हवे की माझेही मत त्याच बाजूने पडले. पुढे एका रविवारी मी त्या यंत्रांवर पवित्र जल शिंपडले, फित कापली गेली, छायाचित्रे निघाली. सिस्टर शेवटच्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या.

ती यंत्रे अद्याप चालू आहेत. त्यांच्या आधाराने माणसे जगली आहेत, मुलांची लग्ने पाहून गेली आहेत. म्हणून आमचा निर्णय चुकीचा होता असे मी आज सरळ म्हणत नाही. परंतु त्या सभेत एक प्रश्न विचारला जावयास हवा होता आणि तो विचारला गेला नाही. रुग्णालय कोणाचे ऋणी असते? जो त्याच्या दारी येतो केवळ त्याचे, की जो कधीच दारापर्यंत पोहोचत नाही त्याचेही? या प्रश्नाकडे मी पुढे का वळलो ते ओघाने येईलच.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याची कथा येते. यरुशलेममधील मेंढरे दरवाजापाशी हे तळे होते, त्याला पाच पडव्या होत्या आणि त्या पडव्यांत आंधळे, लंगडे, लुळे असे असंख्य आजारी पडून असत. पाच पडव्यांचा हा तपशील कित्येक विद्वानांना केवळ लाक्षणिक वाटे. परंतु एकोणिसाव्या शतकात संत ॲनाच्या चर्चजवळ उत्खनन सुरू झाले आणि मधोमध बांध असलेले जोडतळे सापडले. चार बाजूंच्या चार आणि मधल्या बांधावरची एक, अशा पाच पडव्यांचा हिशेब जुळला. त्या काळच्या दृष्टीने पाहिले तर ती जागा म्हणजे एक रुग्णालयच होते. इमारत होती, उपचार होता, उपचारावर लोकांची श्रद्धा होती. आणि तेथेच एक मनुष्य अडतीस वर्षे पडून होता.

बरे व्हायचे आहे का, असे प्रभू येशू त्याला विचारतो. त्यावर तो मनुष्य 'होय' म्हणत नाही. तो आपली अडचण सांगतो. पाणी हलते तेव्हा त्याला तळ्यात सोडणारे त्याचे असे कोणी नाही, तो सरकत सरकत जाईपर्यंत दुसरा कोणीतरी आधी उतरलेला असतो. त्याच्या आजाराचे नाव शुभवर्तमानात आलेले नाही, एकटेपण मात्र आले आहे. संत ऑगस्टीन यांनी या उताऱ्यावर प्रवचन करताना अडतीस या आकड्याचा मोठा सुरेख अर्थ लावला आहे. चाळीस ही पूर्णत्वाची संख्या आणि त्यात दोन उणे आहेत. ते दोन म्हणजे देवावरील प्रीती आणि शेजाऱ्यावरील प्रीती. सेमिनरीत असताना हा आकडेशास्त्राचा खेळ आम्हांला गमतीचा वाटे. आता वाटत नाही. तळ्याकाठी सारे काही होते. उणीव होती ती नेमकी शेजाऱ्याची.

आणि प्रभू काय करतो? तो त्या मनुष्याला उचलून तळ्याकडे नेत नाही. तो स्वतः, तो पडून होता तेथे गेलेला असतो.

ख्रिस्तसभेने ही गोष्ट अगदी आरंभीच ओळखली होती. चौथ्या शतकात कॅपाडोशियातील सिझरिया नगरात भीषण दुष्काळ पडला. तेथील संत बेसिल यांनी धान्याची कोठारे उघडावयास लावली आणि पुढे नगराबाहेर एक वसाहत उभी केली. तीत आजाऱ्यांच्या खोल्या होत्या. त्याबरोबरच वाटसरूंसाठी निवारा होता, निराधारांना घर होते, कारागिरांचे उद्योग होते आणि ज्यांना घरच्यांनी टाकले होते अशा कुष्ठरोग्यांनाही तेथे आसरा होता. बेसिल यांचे मित्र संत ग्रेगरी नाझियान्झन यांनी त्यांच्या मृत्यूनंतर केलेल्या भाषणात या वसाहतीस एक नवे नगरच म्हटले आहे. 'हॉस्पिटल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ पाहुणा किंवा यजमान असा आहे, हे आपण विसरलो आहोत. पाहुण्याला आपण आजार विचारून आत घेत नाही.

मात्र दार उघडे ठेवले म्हणजे कर्तव्य संपले, असे नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी तत्कालीन हिंदुस्थानातील रावळपिंडी येथे डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश बाईंच्या प्रयत्नाने खास स्त्रिया व मुले यांच्यासाठी एक रुग्णालय सुरू झाले होते. पडद्यातील मुस्लिम स्त्रिया परपुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करीत. म्हणजे डॉक्टर होते, औषध होते, पण मधल्या उंबरठ्यावर बायका मरत होत्या. डॉ. ॲना डेंगेल ही ऑस्ट्रियन तरुणी १९२० साली तेथे दाखल झाली आणि तिच्या ध्यानात आले की, येथे एकट्या-दुकट्या बाईचे काम नाही, वैद्यकशिक्षण घेतलेल्या धर्मभगिनींचा संघच हवा. परंतु ख्रिस्तसभेचा त्या वेळचा नियम असा होता की, व्रतस्थ भगिनींनी वैद्यकी, विशेषतः बाळंतपणाचे काम करू नये. डेंगेल यांनी १९२५ मध्ये मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला, पण रोमने तो नियम शिथिल करण्यास १९३६ साल उजाडले. मधल्या वर्षांत किती माता गेल्या याची नोंद कोणत्याही चर्चच्या दप्तरात सापडणार नाही. जे दारापर्यंत येत नाहीत त्यांची नोंद होत नसते. आपल्या आईसमान ख्रिस्तसभेविषयी हे लिहिताना जड वाटते, पण आईने चूक सुधारली, हेही तितकेच खरे.

आता आपल्याच महाराष्ट्रातील एका कामाकडे वळू. ते आपल्या पंथाचे नाही, प्रॉटेस्टंट बंधुभगिनींचे आहे. परंतु या विषयात त्याच्याएवढे शिकवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. लग्नाच्या दिवशीच दोघांनी खेड्यांतील गरिबांसाठी आयुष्य वेचण्याची प्रतिज्ञा केली होती. प्रथम ते अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे) वडाळा येथील मिशन रुग्णालयात रुजू झाले. तेथे त्यांनी रात्रंदिवस काम केले, शस्त्रक्रिया केल्या, रुग्णांची रीघ लागली. आणि तेथेच त्यांना एक बोचरी जाणीव झाली. हगवणीने सुकलेले मूल वाचवून घरी पाठवावे आणि काही आठवड्यांनी त्याच आईने तेच मूल पुन्हा तशाच अवस्थेत आणावे. पाणी तेच, उपासमार तीच, अज्ञान तेच. रुग्णालय भरभराटीस येत होते, गाव मात्र होते तेथेच होते. हे दोघे पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली परत येऊन त्यांनी जामखेड निवडले. दुष्काळी, कोरडा, रस्त्यांवाचून पडलेला तो मुलूख. जनावरांच्या दवाखान्याच्या पडीक जागेत त्यांनी आरंभ केला.

आरंभी त्यांनीही आपल्यासारखाच विचार केला. शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवाव्यात म्हणजे झाले! ते जमले नाही. शहरातून आलेली तरुण मुलगी अनोळखी गावात एकटी राहण्यास बिचकत असे आणि गावच्या बायका तिचे बोलणे ऐकून घेत, पण मनावर घेत नसत. मग गावांनीच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी असा प्रघात पडला. निवडून आलेल्या बायका बहुधा निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, काही तास शिकत, रात्री एकत्र झोपत, आपापल्या गावची सुखदुःखे एकमेकींना सांगत आणि परत जात. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, नाळ कशाने कापावी, बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा, एवढेच ते शिक्षण. त्यातील एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नव्हती. ती डॉक्टरांपाशीच राहिलेली होती, हाच दोष होता.

१९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. पुढील वीस-पंचवीस वर्षांत हे प्रमाण तिशीच्या खाली आले. हा फरक शस्त्रक्रियागृहात घडलेला नाही. तो चुलीपाशी, विहिरीपाशी, बाळंतिणीच्या खोलीत घडला. रुग्णालय होतेच आणि ते हवेही होते. अडलेली बाळंतीण शेवटी तेथेच यायची. परंतु आता ती एकटी येत नसे. तिच्यासोबत तिच्या गावची आरोग्यसेविका येई, डॉक्टरांशी बोले, रात्री उशाशी बसे. बेथेस्दाच्या त्या माणसाला अडतीस वर्षे जे लाभले नाही ते जामखेडच्या बाळंतिणीला लाभले.

पाण्याचीही एक कथा तेथे घडली. हातपंप बसवावयाचे ठरले तेव्हा ते दलितवस्तीत बसतील असे पाहण्यात आले. पाणी हवे तर सर्वांनी तेथेच यावयाचे. जातीवर व्याख्यान देण्याऐवजी घागर घेऊन तेथवर चालत यावयास लावणे, ही युक्ती मला पुष्कळशा प्रवचनांहून (त्यांत माझीही आली) अधिक प्रभावी वाटते. आणि ही बाब आरोग्याची नाही असे कोणी म्हणू नये. जिला विहिरीवर चढू देत नाहीत तिच्या मुलाला जुलाब होणारच.

मॅगसेसे पुरस्कार या दांपत्यास १९७९ साली मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, आल्मा-आटा येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा केला त्यामागे ज्या मोजक्या कामांचा अनुभव होता त्यांत जामखेड होते. पुढे २००५ साली आपल्या सरकारने गावोगाव 'आशा' नेमण्यास सुरुवात केली, त्या कल्पनेची मुळेही अशाच कामांत शोधावी लागतात. मेबलबाई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. काम थांबलेले नाही.

जामखेडच्या मुक्ताबाई पोळ नावाच्या एका आरोग्यसेविकेला १९८८ साली वॉशिंग्टन येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलावण्यात आले होते. झगमगत्या सभागृहात उभ्या राहून त्यांनी छतावरच्या झुंबरांकडे बोट दाखवले आणि सांगितले की, ही फार सुंदर आहेत, पण एक झुंबर दुसरे झुंबर पेटवू शकत नाही. माझी पणती लहान असली तरी तिच्यावर दुसरी पणती लावता येते. शब्द त्यांचे नेमके असेच होते असे नाही, आशय मात्र हाच. आमच्या सभेत सिस्टरांनी हेच सांगावयाचा प्रयत्न केला होता. त्यांना झुंबराचा दाखला सुचला नाही, इतकेच.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतलाच पाहिजे. ज्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत तो मनुष्य माझ्यासमोर उभा आहे. त्याला नाव आहे, चेहरा आहे, रडणारी बायको आहे. त्याला मी असे कसे सांगू की, बाबा रे, तुझे पैसे आम्ही अशा लोकांवर खर्च करणार आहोत की जे अजून आजारी पडलेले नाहीत आणि कदाचित पडणारही नाहीत? ज्यांची नावेदेखील आम्हांस माहीत नाहीत? संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाच्या क्रमाची चर्चा करताना जो अधिक जवळचा त्याचा हक्क अधिक, असे सामान्यतः मानले आहे. समोरचा रुग्ण जवळचा, पाड्यावरचा अज्ञात मनुष्य दूरचा. मग आमचे मत योग्यच होते की!

या युक्तिवादाने मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. परंतु त्यात एक फट आहे. जवळचा कोण, हा प्रश्न शास्त्र्याने प्रभूला विचारला होता आणि प्रभूने चांगल्या शोमरोन्याची कथा सांगून तो उलटा फिरवून परत केला. माझा शेजारी कोण, असे विचारू नकोस, तू कोणाचा शेजारी झालास ते सांग. याचा अर्थ जवळीक ही आधीच पडलेली वस्तू नव्हे. ती आपल्या चालण्याने निर्माण होते. याजक आणि लेवी यांच्या दृष्टीनेही तो जखमी मनुष्य दूरचाच होता, कारण त्यांनी रस्त्याची दुसरी कड धरली. पाड्यावरचा मनुष्य मला अज्ञात आहे हे खरे. पण तो अज्ञात का आहे? मी गेलो नाही म्हणून. तेव्हा माझ्याच न जाण्यातून उत्पन्न झालेले अंतर पुढे करून मी त्याचा हक्क कमी ठरवू शकत नाही. संत थॉमस यांचा क्रम मोडीत निघत नाही, मात्र तो माझ्या आळसाला आधार देत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. सर्वांचा शेजारी होणे कोणालाच शक्य नाही, रुग्णालयाला तर नाहीच. खाटा भरल्या तर खर्च भागतो. सरकारी योजना असोत की विम्याच्या, पैसे मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर मिळतात, तो दाखल होऊ नये म्हणून कोणी केलेल्या धडपडीला नव्हे. ज्या संस्थेचा निर्वाह आजारावर चालतो तिने आजार कमी व्हावा म्हणून झटावे, ही अपेक्षा जगाच्या हिशेबाने वेडेपणाची आहे. म्हणून तर ती धर्मादाय संस्थेकडून करावयाची! आणि सर्वांचे सारे काही रुग्णालयाने करावे असेही नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात असे तत्त्व मांडले की, जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या संस्थेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. वैद्यकीच्या क्षेत्रात आपण नेमके उलटे केले. आजीबाईच्या बटव्यापासून सुइणीच्या हातापर्यंत जे काही घराघरांत होते ते मोडकळीस येऊ दिले आणि बदली ज्ञान घरी पोहोचवले नाही. आरोळे यांनी ते परत दिले. डॉक्टराने आपले ज्ञान निरक्षर बाईच्या हाती सोपवणे, यात एक प्रकारचे स्वतःला रिक्त करणे आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल ख्रिस्ताविषयी ज्या रिक्ततेबद्दल बोलतो तिचीच ही दूरची नातेवाईक.

अर्थात या शब्दांचाही बाजार भरतो. 'समाज-आरोग्य' हे नाव धारण करून भरलेली चर्चासत्रे मी पाहिली आहेत, जेथे दुपारचे जेवण सर्वांत यशस्वी ठरते. सर्वेक्षणाची कागदपत्रे कपाटात जातात आणि पाडा जेथल्या तेथे राहतो. त्यापेक्षा एक चालू यंत्र केव्हाही बरे.

धर्मगुरूचा या सर्वांशी संबंध काय, असे कोणी विचारील. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांचे म्हणणे होते की रोग ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यातून पसरतो आहे. तेथील तरुण अँग्लिकन धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांना ते पटले नाही. स्नो यांना खोटे पाडण्यासाठी ते आपल्या धर्मग्रामात घरोघर फिरले, कोण मेले, कोणी कोठले पाणी प्याले होते, हे विचारीत गेले. मेलेल्यांच्या घरची माणसे त्यांना ओळखत होती, म्हणून सांगत होती. हिंडता हिंडता त्यांना एका तान्ह्या मुलीचा आजार कळला, जिची दुपटी धुतलेले पाणी विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात टाकले जात असे. स्नो बरोबर होते, हे सिद्ध करणारा दुवा त्यांना खोटे पाडू पाहणाऱ्या पाद्रीबाबानेच शोधून दिला. घरभेटीच्या आपल्या जुन्या प्रथेची मला या प्रसंगाने नव्याने किंमत कळली. डॉक्टरला आजार ठाऊक असतो, गल्ली धर्मगुरूला ठाऊक असते.

आमच्या वसईत तर पाण्याची बाब डोळ्यांसमोरच आहे. वाडवडिलांनी राखलेली बावखले एकेक करून बुजवली गेली. पावसाचे पाणी जेथे मुरत असे तेथे इमारती आल्या, विहिरी मचूळ झाल्या, आणि जुलै २०१८ मध्ये पाणी आमच्या घरांत शिरून दिवसचे दिवस राहिले. अशा तुंबलेल्या पावसाळ्यानंतर तापाचे रुग्ण रुग्णालयात येतात, त्यांना सलाइन लागते, ते बरे होऊन त्याच गल्लीत परत जातात. कोणत्या गल्लीतून किती आले, हे रुग्णालयाच्या वहीत लिहिलेले असते. ती वही घेऊन डॉक्टरांनी नगरपालिकेच्या दारी जावे की नाही? बावखल बुजवणाऱ्याचे नाव घ्यावे की नाही? माझ्या मते, जावे. सलाइन लावणे हे जर दयेचे काम असेल तर बावखल राखणे हे न्यायाचे काम आहे आणि न्यायाने द्यावयाचे ते दया म्हणून देऊ नये, असे आपली ख्रिस्तसभा सांगत आली आहे. बुजवणारा कधी कधी पहिल्या बाकावर बसणारा असतो, एवढाच काय तो प्रश्न.

आता राहिलेली गोष्ट सांगतो. यंत्रे बसल्यावर चारेक वर्षांनी मी रुग्णालयात ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो असताना एका खाटेवरून कोणीतरी हाक मारली. चाळिशीचा मनुष्य होता, रिक्षा चालवीत असे, स्टेशनाजवळच्या चाळीत राही. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, तो आमच्या यंत्राला जोडलेला असे. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "फादर, तुमच्या चर्चने हे मशीन दिले नसते तर मी आज नसतो. देवाने तुमचे भले करो." मी हसलो, आशीर्वाद दिला. बाहेर आल्यावर डॉक्टरांना सहज विचारले, इतक्या तरुण माणसाला हे कशाने झाले? ते म्हणाले, "रक्तदाब. वर्षानुवर्षे वाढलेला असणार. काही दुखत नाही, खुपत नाही, कळते तेव्हा मूत्रपिंडे गेलेली असतात. कोणी एकदा जरी मोजला असता तरी रोजच्या स्वस्त गोळीने भागले असते."

सिस्टरांनी सभेत ज्या चाळीचे नाव घेतले होते तीच ही चाळ.

त्याने माझे आभार मानले होते, हे मला अजून सोसत नाही. रागावला असता तर मी क्षमा मागितली असती. आभाराला उत्तर काय देणार? दीड वर्षाने तो गेला. मी त्याला अखेरचा अभ्यंग केला, अंत्यविधीही मीच केला. त्याच्यापाशी मी कधी काही बोललो नाही. बोलणे योग्य ठरले असते की केवळ माझे मन हलके करण्यासाठी मरणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे झाले असते, हे मला ठरवता आलेले नाही. माझ्या कन्फेसरने सांगितले की ते पाप नव्हते, तुला ठाऊक नव्हते. बरोबर आहे. पण सिस्टरांना ठाऊक होते आणि त्या माझ्यासमोर बसून बोलल्या होत्या.

महिन्याच्या मिस्सेनंतर मी त्या सिस्टरांकडे गेलो. त्यांनी मागचे काही काढले नाही. कपाटातून रक्तदाबाचे यंत्र काढून टेबलावर ठेवले आणि विचारले, "गुरुवार मोकळा आहे का?" प्रथम आम्ही रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडून पाहिले. आले ते सारे आधीच काळजी घेणारे, आपापली फाईल काखेत मारून. चाळीतून कोणी आले नाही, पाड्यावरून तर नाहीच. तेव्हापासून आम्ही गुरुवारी निघतो. सिस्टरांचे गुडघे दुखतात, म्हणून स्टूल आणि वही मी घेतो. गावातीलच तीन बायका आता मोजायला शिकल्या आहेत. त्यांपैकी एक त्या रिक्षावाल्याची विधवा.

गेल्या पावसाळ्याआधी डोंगराकडच्या एका पाड्यावर एक म्हातारी काही केल्या हात पुढे करीना. सिस्टरांनी समजावले, विधवेने समजावले, मी माझ्या परीने थोडे प्रवचनही केले. म्हातारी अंगणात बसून हे सारे शांतपणे ऐकत होती. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आदी या बाबाचा मोजा. मंग मी देते." सगळे हसले. मी स्टुलावर बसलो, बाही वर सारली. पट्टा आवळला गेला, हवा सुटली. सिस्टरांनी पुन्हा एकदा भरली, पुन्हा सोडली. मग काही न बोलता त्यांनी वही उघडली, पाड्याच्या यादीत सर्वांत खाली माझे नाव लिहिले, त्यापुढे आकडा लिहिला आणि त्याखाली लाल रेघ ओढली.

म्हातारीने हात पुढे केला.